थरारपटाची श्रेयनामावली: किनाऱ्यावर पहिला लघुपट करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर आता मोबाइलवर किंवा उसन्या कॅमेऱ्यावर लघुपट करणारी बरीच तरुण मंडळी भेटतात, आणि त्यांतील अनेकांना मानसशास्त्रीय थरारपट करायचा असतो. कथा, अभिनय, जागा यांवर ती मनापासून मेहनत घेतात. श्रेयनामावली, म्हणजे आरंभी कलाकार-तंत्रज्ञांची नावे दाखवणारा भाग, मात्र संपादन संपल्यावर, शेवटच्या रात्री, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे टाकून उरकली जाते. इतर प्रकारच्या चित्रपटांत हे कदाचित खपून जाईल. थरारपटात मात्र प्रेक्षक पहिल्या मिनिटातच एक गोष्ट नकळत ठरवत असतो: समोर जे दिसते आहे, त्यावर आपण विश्वास ठेवायचा की नाही. हा संशय त्याच्या मनात कोणत्या दिशेने पेरायचा, हे ठरवण्याची संधी आपल्याला नामावलीत मिळते, आणि त्यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. हा लेख ज्यांनी यापूर्वी एकही नामावली केलेली नाही, त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: चार नामावल्या दोनदा पाहाव्यात

एकदा आवाज पूर्ण बंद करून आणि एकदा डोळे मिटून, अशा दोन प्रकारे पाहावे. चित्र काय करते आणि ध्वनी काय करतो, हे वेगवेगळे कळण्यासाठी याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

सुरुवात ‘सायको’पासून (१९६०) करावी. सॉल बास यांनी केलेल्या या नामावलीत एकही वस्तू नाही, चेहरा नाही, रक्त नाही. आडव्या-उभ्या पट्ट्या पडद्यावर धावतात, नावांचे तुकडे होतात, ते जुळतात आणि पुन्हा फाटतात. दुभंगलेल्या मनाची गोष्ट सुरू होण्यापूर्वीच दुभंगणे डोळ्यांच्या अंगवळणी पडते. बर्नार्ड हर्मन यांनी त्या चित्रपटाला फक्त तंतुवाद्यांचे संगीत दिले, आणि डोळे मिटून ऐकल्यावर त्या एकाच जातीच्या वाद्यांतून उभा राहणारा कोरडा, धारदार ताण नीट जाणवतो. नामावली संपताच भर दिवसाचे एक शहर दिसते आणि पडद्यावर त्याचे नाव, वार, तारीख आणि दुपारचे दोन वाजून त्रेचाळीस मिनिटे ही वेळ उमटते. इतकी काटेकोर वेळ सांगितली की आपण कोणावर तरी गुपचूप पाळत ठेवत आहोत असे वाटू लागते.

‘व्हर्टिगो’ची (१९५८) नामावलीही बास यांचीच. तिथे एका स्त्रीच्या चेहऱ्याचे ओठ आणि डोळे अतिशय जवळून दिसतात, डोळ्याच्या आतून नाव बाहेर येते आणि जॉन व्हिटनी यांनी साकारलेली सर्पिल वळणे फिरू लागतात. उंचीच्या भयाने गरगरणाऱ्या माणसाची ती कथा आहे. पण नामावलीत ना उंची दिसते, ना दरी, फक्त गरगरणे दिसते. ‘सेव्हन’ (१९९५) या चित्रपटात काइल कूपर यांनी खुन्याच्या वह्या, त्याची बोटे, सुईदोरा आणि हाताने खरवडल्यासारखी थरथरती अक्षरे दाखवली. हा माणूस कथेत प्रत्यक्ष भेटतो तो बऱ्याच उशिरा, म्हणजे त्याच्या मनाशी ओळख आधी आणि त्याच्या चेहऱ्याशी नंतर. ही नामावली चित्रपटाच्या अगदी आरंभी येत नाही, तर एका लहान प्रसंगानंतर येते, हेही टिपून ठेवावे.

चौथी ‘द शायनिंग’ची (१९८०). तिच्याकडे आपण पुढे वळू, कारण कोकणात चित्रीकरण करणाऱ्याने ती सर्वांत जास्त काळजीपूर्वक पाहायला हवी.

दुसरी पायरी: कोणाचे मन, हे एका वाक्यात लिहावे

आपल्या कथेत काय घडते, याचा सारांश नामावलीत सांगायचा नसतो. कथेतल्या ज्या माणसाचे मन बिघडले आहे, किंवा बिघडले आहे असा आपल्याला संशय आहे, ते मन जगाकडे कसे पाहते, एवढेच नामावलीने दाखवावे. म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधी कागदावर एक वाक्य लिहावे: ‘हा माणूस सतत अमुक करतो.’ त्यात क्रियापद हवे. ‘हा माणूस घाबरलेला आहे’ या वाक्याचा उपयोग नाही, कारण घाबरणे चित्रित कसे करायचे हे त्यातून कळत नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक कल्पित कथा घेऊ. एका खाडीवर वल्ह्याची होडी घेऊन लोकांना या तीरावरून त्या तीरावर पोचवणारा एक तरीवाला आहे. एका संध्याकाळी तो सहा माणसे होडीत घेतो आणि पलीकडच्या धक्क्यावर पाचच उतरतात. हातात पैसे सहा जणांचे आहेत. गावातले कोणीही हरवलेले नाही. तेव्हापासून तो मोजत सुटतो. या कथेचे वाक्य सोपे आहे: ‘हा माणूस सतत मोजतो.’ नामावलीने प्रेक्षकाला मोजायला लावले, की उरलेल्या वीस मिनिटांत प्रत्येक दृश्यात तो आपणहून माणसे मोजत बसेल, आणि तरीवाल्याइतकाच अस्वस्थ होईल.

तिसरी पायरी: चित्रे निवडणे

कोकण सुंदर दिसते, हीच इथली मुख्य अडचण आहे. माडांची रांग, मावळता सूर्य, वरून घेतलेला निळा-हिरवा किनारा हे सगळे इतक्या जाहिरातींतून आणि लग्नाच्या व्हिडिओंतून डोळ्यांवरून गेलेले आहे की ते दिसताच प्रेक्षकाचे मन सुट्टीवर जाते. माझ्या स्वतःच्या पहिल्या नामावलीत मी खाडीच्या मुखावरचा सूर्यास्त पूर्ण वीस सेकंद ठेवला होता. पाहणाऱ्यांनी त्याचे कौतुक केले आणि पुढच्या दहा मिनिटांत कोणालाही भीती वाटली नाही. ते वीस सेकंद काढून टाकायला मला फार जड गेले, पण लघुपट त्यानंतरच उभा राहिला.

मग ‘द शायनिंग’चे काय, असा प्रश्न रास्त आहे. त्या नामावलीत डोंगर, तळे, वळणावळणाचा रस्ता असे निखळ सुंदर दृश्य आहे आणि तरीही पोटात गोळा येतो. याची कारणे शोधावीत. हेलिकॉप्टरमधला कॅमेरा एका लहानशा पिवळ्या मोटारीचा माग काढतो आणि तिला कधी गाठतो, कधी सोडून पुढे निघून जातो, त्यामुळे हे पाहणारा कोण, हा प्रश्न मनात राहतो. वेंडी कार्लोस आणि रेचल एल्किंड यांचे संगीत मृतांसाठीच्या प्रार्थनेतील एका मध्ययुगीन ख्रिस्ती स्तोत्राच्या सुरावटीवर उभे आहे. निसर्ग तिथे निसर्ग म्हणून येत नाही. माणूस किती क्षुद्र आहे हे मोजण्याचे माप म्हणून येतो. तेव्हा रुंद दृश्य घ्यायचेच असेल तर त्यात एकच एकटी, हलणारी गोष्ट असावी आणि कॅमेऱ्याने तिचा पिच्छा पुरवावा. रिकाम्या समुद्राचे रुंद दृश्य नवख्याने टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकी सर्व चित्रे जवळून घ्यावीत. आपल्या तरीवाल्यासाठी मी ही निवडीन: होडीच्या फळीवर खडूने ओढलेल्या सहा रेघा आणि ओल्या अंगठ्याने पुसट झालेली त्यांतली शेवटची, भिजून एकमेकींना चिकटलेल्या दहाच्या नोटा सोडवणारी बोटे, धक्क्याच्या जांभ्या दगडाच्या पायरीवर उमटलेली आणि पाहता पाहता वाळून जाणारी ओली पावले, खुंट्याला बांधलेल्या दोराचे वेढे, कौलांतून माजघराच्या जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे. प्रत्येक चित्रात मोजता येईल असे काहीतरी आहे. पहिल्या चार चित्रांत ती संख्या सहा ठेवावी आणि शेवटच्या एका चित्रात पाच. त्याकडे बोट दाखवू नये, तिथे संगीत वाढवू नये, कॅमेरा जवळ नेऊ नये. ज्याच्या लक्षात येईल त्याला ते आपले गुपित वाटेल, आणि ज्याच्या येणार नाही त्यालाही काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहील.

पाणी दाखवायचे असेल तर ‘केप फिअर’ (१९९१) पाहावा. सॉल आणि इलेन बास यांनी त्याची जवळजवळ सगळी नामावली पाण्याच्या पृष्ठभागावर आणि त्यातल्या हलत्या प्रतिबिंबांवर रचली आहे. खाडीचे पाणी याच कामाचे आहे. लाटांपेक्षा संथ, गढूळ, वर आकाश आणि खाली काय आहे ते न कळू देणारे पाणी अधिक भय निर्माण करते.

चित्रीकरणाच्या वेळा ठरवताना भरती-ओहोटीचे गणित मांडावे. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठला जी पायरी पाण्याखाली होती, ती चार दिवसांनी त्याच वेळी कोरडी असू शकते, आणि मग दोन दिवसांची चित्रे एकमेकांना जुळत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाण्याची चढउतार कमी असते. पायऱ्यांवरची चित्रे भांगाच्या दिवसांत घेतली तर जुळवाजुळव सोपी जाते. गावातल्या कोणत्याही जाणत्या कोळ्याला तिथी सांगावी, तो वेळ सांगेल. सूर्य बुडाल्यानंतर निळसर उजेडाची जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे मिळतात. चौकट, फोकस आणि उजेडाची पातळी आधीच ठरवून कुलूपबंद करावी, नाहीतर मोबाइल आपणहून अंधार उजळवतो आणि मेहनत वाया जाते. घरातल्या दिव्यांखाली चित्रीकरण असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या एक पन्नासांशावर ठेवावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने त्यामुळे दिव्यांची फडफड चित्रात येत नाही.

परवानग्यांविषयी थोडक्यात: धक्क्यासाठी आणि खाजगी आगरासाठी आधी विचारावे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील किल्ल्यांवर लेखी परवानगीशिवाय चित्रीकरण करू नये, आणि ड्रोन उडवायचा असेल तर सरकारी हवाई नकाशावर तो भाग कोणत्या रंगात आहे ते पाहावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तिकाटणे (ट्रायपॉड) रोवू नये. त्या चित्रावाचून लघुपट अडत नाही.

चौथी पायरी: अक्षरे

इथे आपण थोडे थांबू, कारण देवनागरीकडे एक असे साधन आहे जे रोमन लिपीकडे नाही, आणि आपण ते वापरतच नाही. ते म्हणजे शिरोरेषा. आपली अक्षरे रेषेवर उभी नसतात, ती रेषेला लटकलेली असतात. तरीवाल्याच्या कथेत ती रेषा म्हणजे पाण्याची पातळी होऊ शकते आणि अक्षरे म्हणजे पाण्याखाली लोंबणारे काहीतरी. प्रथम पडद्यावर फक्त एक आडवी, किंचित हलणारी रेषा दिसावी, प्रेक्षकाला ती क्षितिज वाटावी, आणि मग तिच्याखाली हळूहळू नाव उमटावे. दुसऱ्या कथेत, जिथे नायिकेची स्मृती तुटत चालली आहे, तिथे शिरोरेषाच नसलेली सुटी अक्षरे आधी यावीत आणि वाचायला कष्ट पडावेत; रेषा आली की नाव एकदम ‘आठवावे’. एखाद्या कथेत रेषा एकाच जागी, प्रत्येक नावात त्याच अक्षरावर, तुटलेली असू शकते. हे सर्व कागद-पेन्सिलने आधी करून पाहता येते.

तांत्रिक खबरदारी मात्र घ्यावी लागते. इंग्रजी नामावल्यांत अक्षरांमधील अंतर हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे. देवनागरीत तसे केले की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि ते ठरवून केल्यासारखे दिसत नाहीत, चुकल्यासारखे दिसतात. एकेक अक्षर टंकलेखन यंत्रासारखे उमटवण्याचे तयार परिणामही आपल्याकडे फसतात, कारण ऱ्हस्व वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते पण दिसते त्याच्या आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि जोडाक्षर अर्धवट उमटताना त्याचे पाय मोडतात. काही संपादन सॉफ्टवेअरांत तर जोडाक्षरे मुळातच फुटतात. सर्वांत निर्धोक मार्ग असा की नाव इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहून घ्यावे, ते अक्षर न ठेवता आकृतीत बदलावे, पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्राच्या रूपात बाहेर काढावे आणि मग संपादनात हलवावे. मुक्त परवान्याचे ‘मुक्ता’सारखे टंक (फॉन्ट) मिळतात, त्यामुळे हक्कांचा प्रश्न येत नाही. थेंब ओघळणारी, भेगाळलेली, ‘भयानक’ म्हणून विकली जाणारी अक्षरे वापरू नयेत. ती भीतीची घोषणा करतात, आणि घोषणा झाली की भीती ओसरते.

हाताने लिहायचे असेल तर त्या माणसाच्या हाताने लिहावे. तरीवाला कशाने लिहील? खडूने, ओल्या लाकडावर, घाईने. मग तसेच लिहावे, दहा-बारा वेळा लिहावे, वरून प्रकाश देऊन छायाचित्र काढावे आणि त्यांतील तीन-चार प्रती आलटून-पालटून दोन-दोन फ्रेम दाखवाव्यात. अक्षर जागच्या जागी थरथरू लागते. जुन्या वाड्यातल्या मोडी कागदांचा मोह अनेकांना होतो. मोडीत शिरोरेषा आधी आखून मग तिच्याखाली लिहीत जातात, त्यामुळे ते पान पाहायला विलक्षण असते; पण कोणाच्या घरचे खरे दस्तऐवज, खऱ्या नावांसह, खुनाच्या गोष्टीत दाखवणे योग्य नाही. त्या वळणाचा नवा कागद लिहून घ्यावा.

अक्षरे चौकटीच्या कडेपासून चारी बाजूंनी किमान दहा टक्के आत ठेवावीत. अस्वस्थता हवी म्हणून नाव कोपऱ्यात ढकलण्यास हरकत नाही, पण ते वाचता आले पाहिजे, कारण ज्याने फुकट काम केले त्याचे ते नाव आहे.

पाचवी पायरी: आवाज

दशावतार पाहिलेल्या माणसाला ही पायरी समजावून सांगावी लागणार नाही. जत्रेच्या रात्री आख्यानापूर्वी आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा पूर्वरंग, रंगतो. पायपेटी, पखवाज आणि झांज यांचा नाद देवळाच्या आवारात भरतो, गणपती येतो, संकासुर येतो, आणि कथा सुरू होण्याच्या कितीतरी आधी मांडवातला माणूस घर विसरून त्या रात्रीचा होऊन जातो. नामावलीतल्या ध्वनीकडूनही आपल्याला हेच हवे आहे.

तयार ‘सस्पेन्स’ संगीत इंटरनेटवरून उचलू नये. हक्कांचा प्रश्न तर आहेच, शिवाय ते संगीत कोणत्याही गावाचे नसते. आपल्या जागेचे आवाज गोळा करावेत: वल्ह्याची कुरकुर, होडीच्या तळाशी आपटणारे पाणी, रातकिडे, ओल्या दोराचा ताण, पन्हळीतून पत्र्यावर पडणारे थेंब. किनाऱ्यावर वारा सतत असतो, म्हणून मायक्रोफोनवर केसाळ आवरण चढवावे आणि प्रत्येक जागेचा कोणीही न बोलता निदान एक मिनिटाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करावा. संपादनात तो फार कामी येतो.

मग त्यांतून एक लय निवडावी. तरीवाल्यासाठी वल्हे सहा वेळा कुरकुरते आणि थोडा थांबा येतो. पुन्हा सहा वेळा आणि थांबा. तिसऱ्या फेरीत पाचच वेळा कुरकुरते आणि सहाव्या जागी काहीच ऐकू येत नाही. ती मोकळी जागा कोणत्याही किंकाळीपेक्षा अधिक काम करते, कारण कान तिथे आवाज स्वतः भरू पाहतो. खर्जातला घुमणारा आवाज वापरायचा असेल तर मोबाइलच्या लहान स्पीकरवर तो जवळजवळ ऐकू येत नाही, हे लक्षात ठेवून त्याच्या जोडीला मधल्या पट्टीतला एखादा खरखरीत आवाज ठेवावा.

सहावी पायरी: लांबी आणि जागा

वीस मिनिटांच्या लघुपटाला ६० ते ७५ सेकंदांची नामावली पुरे. प्रत्येक नाव मनातल्या मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवावे. दोन-तीन शब्दांसाठी हे सुमारे तीन सेकंद होतात. दहा नावे असतील तर तीस सेकंद नावांचे आणि उरलेले निव्वळ चित्रांचे. मुख्य नामावलीत कलाकार, लेखन, छायांकन, संकलन, ध्वनी आणि दिग्दर्शन एवढेच घ्यावे. आभाराची लांब यादी शेवटी जावी. सिनेमागृहात प्रदर्शन झाले तर आधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र येते, धूम्रपानाची दृश्ये असतील तर त्याची सूचनाही येते, आणि त्यानंतर प्रेक्षकाला पुन्हा शांत करावे लागते. म्हणून नामावलीच्या आरंभी तीन-चार सेकंद काळा पडदा आणि एकच आवाज ठेवावा. ‘सेव्हन’सारखा लहान प्रसंग आधी घ्यायचा असेल तर तो एका मिनिटाच्या आत संपावा: सहा माणसे होडीत चढतात, होडी सुटते, आणि मग नामावली.

सातवी पायरी: पहिल्या दृश्याच्या हाती सोपवणे आणि तपासणी

नामावली संपून कथा सुरू होते तो सांधा अनेकांकडून ढिला राहतो. चित्र काळे होते, आवाज तुटतो, आणि जमवलेला ताण सांडून जातो. यासाठी पहिल्या दृश्याचा आवाज शेवटच्या नावाखालीच सुरू करावा आणि नामावलीतली एखादी आकृती पहिल्या दृश्यात तशीच पुढे न्यावी. शिरोरेषा खाली सरकत जाते आणि तिथेच धक्क्याची भिजलेली कडा दिसते. कडेवर पाच माणसे पाठमोरी उभी आहेत.

यानंतर कथा ठाऊक नसलेल्या पाच जणांना फक्त नामावली आणि पहिले दृश्य दाखवावे, शक्यतो ज्या पडद्यावर लघुपट दाखवायचा आहे त्याच पडद्यावर, कारण गावातल्या सभागृहाच्या प्रोजेक्टरवर अंधारातले तपशील हमखास बुडतात आणि खडूच्या पुसट रेघा दिसतच नाहीत. ‘आवडले का’ असे विचारू नये. माणसे भिडेखातर हो म्हणतात. ‘पाहताना तुमचे लक्ष कशावर होते?’ एवढेच विचारावे आणि उत्तर शब्दशः लिहून घ्यावे. ‘होडीत किती जण होते ते मी मोजत होतो’ असे उत्तर एकानेही आपणहून दिले तर नामावली चालली. पाचांपैकी तिघे ‘समुद्र छान दिसतो’ म्हणाले, तर तिसऱ्या पायरीवर परत यावे, सर्वांत सुंदर चित्र शोधावे, ते काढून टाकावे आणि पुन्हा नव्या पाच जणांना दाखवावे.